केळीच्या व्याख्यानाचा उत्तररंग

लातुरात हौशी बागवाल्यांचं एक मंडळ आहे आणि त्या मंडळाची व्याख्यानं कीर्तनासारखी चालतात, हे परगावच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. पण चालतात. त्याला कारण अध्यक्ष व्यंकटराव. निवृत्त मास्तर, गुलाबाचे शौकीन, आणि गुलाबाहून कीर्तनाचे वेडे. गावात कुठंही मृदंगावर थाप पडली की हे चपला शोधायला लागत. मंडळ स्थापन झालं तेव्हाच त्यांनी पायंडा पाडून ठेवला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणातरी सभासदाच्या अंगणात एक पाहुणा बोलणार, आणि त्याच्या बोलण्याचे दोन भाग होणार. पूर्वरंगात माती, पाणी, खत, कीड, जे काय त्याचं ज्ञान असेल ते. मग मध्ये थांबायचं. ज्याचं अंगण त्या घरच्या माणसानं पाहुण्याच्या गळ्यात हार घालायचा, कपाळाला बुक्का लावायचा, सगळ्यांनी नामाचा गजर करायचा. आणि उत्तररंगात पाहुण्यानं एक आख्यान सांगायचं. पुराणातलं नव्हे, स्वतःच्या आयुष्यातलं.

"ज्ञान काय, कुणीबी देतंय," व्यंकटराव म्हणत. "आख्यानाबिगर ते अंगाला लागत न्हाई."

नवखे पाहुणे आधी बिचकत, मग असे सुटत की आवरायची पंचाईत. किडींवर बोलायला आलेल्या एका प्राध्यापकानं आपल्याच लग्नात बोहल्याखालून मुंग्या कशा निघाल्या ते सांगितलं होतं आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पदर लागला होता. माती तपासणीच्या साहेबांनी वडिलांच्या बैलाचं सांगता सांगता स्वतःच रडून घेतलं होतं. नर्सरीवाले नजीरभाई पहिल्या व्याख्यानापासूनचे सभासद. हार त्यांच्याच दुकानचा, बुक्क्याची डबीही तेच आठवणीनं आणत, आणि दर वेळी व्यंकटरावांना टोमणा ठरलेला. "मास्तर, पाव्हण्याला आधी पाणी तर पाजा. सुक्या घशानं काय आख्यान सांगंल तो?"

मंडळ टिकलं, पण अंगणं टिकली नाहीत. डॉक्टर-इंजिनियर व्हायला पोरं लातुरात लोटू लागली तशी गल्लीगल्लीत क्लासेस निघाले, आणि क्लासेसच्या मागून वसतिगृहं उभी राहिली. जिथं पेरूची झाडं होती तिथं जिने चढले. खुद्द व्यंकटरावांच्या गुलाबांवर मुलींचं वसतिगृह उभं होतं आणि ते स्वतः गच्चीवर कुंड्यांत संसार मांडून बसले होते. म्हणून अलीकडं व्याख्यान बहुतेक सिंधुबाईंच्या परसातच व्हायचं.

सिंधुबाईंची खानावळ होती. नांदेड, नायगाव, परभणीकडची क्लासची पोरं दोन्ही वेळा पंगतीला बसत आणि त्यांना काकू म्हणत. खानावळीमागं मोरीच्या पाण्यावर वाढलेलं केळीचं बन होतं. अळू होता, कर्दळ होती, भिंतीला धरून मोगरा. रविवारी सकाळी पोरं टेस्ट द्यायला जात. ती परत येईपर्यंत घर आणि परस रिकामं. तेवढ्या वेळात व्याख्यान उरकायचं आणि मग पोरांचा भात लावायचा, असा त्यांचा हिशोब. स्वतःला मूल नव्हतं. लोक म्हणत, देवानं दुसऱ्या वाटेनं पदर भरला. सिंधुबाई तोवर ताटं मांडायला उठत.

पाडव्याच्या बैठकीत वर्षाचे पाहुणे ठरवायचे असत. त्या वर्षी नजीरभाईंनी एक नाव सुचवलं. "अर्धापूरला एक जवान साहेब आलाय पुण्याहून. बाटलीत केळीची रोपं वाढवतो. आपल्या नर्सरीला त्याचाच माल हाय. बोलतो बी गोड. दयानंद सूर्यवंशी. दयानंद अमृतराव. भूकंपातला पोरगा हाय म्हणे, किल्लारीचा. अनाथ."

सिंधुबाई पोह्यांच्या बशा घेऊन दारात आल्या होत्या. बशा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तो महिना मला द्या. माझ्याच अंगणात होऊ द्या ते."

कुणाला काही वाटलं नाही. केळी त्यांच्याकडंच होती.

रात्रीची पंगत उठल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. शेषेराव एसटीतून निवृत्त झालेले, एरवी तोंडाचे फटकळ. ते खाटेवर बसले. मग एवढंच म्हणाले, "अमृतचा दया?"

दया म्हणजे सिंधुबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा. गणपती बोळवून गाव निजलं होतं आणि पहाटे किल्लारी जमिनीला मिळाली, त्यात भाऊ गेला, भावजय गेली, थोरली भाची गेली. ढिगाऱ्यातून हे एवढंसं पोर जिवंत निघालं. शेषेरावांनीच त्याला मिलिटरीच्या तंबूतून कडेवर आणलं होतं. पुढचा पावसाळा येईपर्यंत ते लातुरात आत्याच्या कुशीत होतं. छताखाली निजायचं नाही. सिंधुबाई त्याला घेऊन अंगणात निजत, थंडीतसुद्धा, एका गोधडीत. देवाचं नाव घेत थोपटलं की झोपायचं. त्या काळात ते हसलं नाही, पण त्यांच्या पदराचं टोक मुठीतून सोडत नव्हतं.

आणि तेव्हाच गल्लीत बोलणं सुरू झालं. सरकार भूकंपातल्या लेकरांना पैसे देणार होतं. कुठं कुठं नातेवाईक त्यासाठी पोरं ओढून नेत होते, हेही खरं होतं. नळावर एक बाई सिंधुबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की वांझेला लेकराची माया एकदम कशी फुटली, ते चेक आल्यावर कळेल. दुसरी हसली. शेषेराव म्हणाले, बोलणाऱ्याचं तोंड आहे, बोलू दे, आपण पोर सांभाळू. पण सिंधुबाई मानी. भावाच्या रक्ताचा पैसा खाल्ला हा डाग त्यांना सोसवेना. पुण्याची एक संस्था अशा मुलांना शिकवायला नेत होती. त्यांनी दयाचं नाव घातलं. जीपमध्ये बसताना त्याच्या मुठीतून पदर सोडवावा लागला होता.

पुढं त्या एकदा गेल्या. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, मुलं आता कुठं रुळतायत, कुणी भेटून गेलं की जेवत नाहीत. सिंधुबाईंनी फाटकातून पाहिलं. दया पोरांबरोबर लंगडी घालत होता आणि हसत होता. त्यांनी लाडवांचा डबा राखणदाराजवळ दिला आणि एसटी धरली. दुसऱ्या दिवाळीला पुन्हा लाडू वळले होते, पण नळावर कुणीतरी म्हणालं, आता पोराला परत आणतील बघा, पुढचा हप्ता आला असंल. लाडू घरातच संपले. त्यानंतरच्या दिवाळीला गेलं तर 'मागच्या वर्षी का नाही आलीस' याला काय सांगायचं, हे कळेना. मग दर वर्षी ते सांगणं जड होत गेलं. असं करता करता तोंड दाखवायची वाटच बुजली.

"येईल तेव्हा सांगशील त्याला?" शेषेरावांनी विचारलं.

"ओळखंल की तो," सिंधुबाई म्हणाल्या.

तेवढ्या आशेवर त्यांनी तो रविवार येऊ दिला.

दयानंद आला तो नजीरभाईंच्या गाडीतून. उंच, चष्म्यातला, बापासारखीच किंचित खाली वाकलेली मान. पुण्याचं स्वच्छ मराठी बोलत होता. सिंधुबाईंनी पाणी दिलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानंही त्यांच्याकडं पाहिलं. पांढरे केस, जाड झालेलं अंग, चुलीच्या वाफेनं रापलेलं तोंड. तो अदबीनं म्हणाला, "काकू, तुमची केळी छान आहेत." शेषेराव बायकोकडं बघत होते. सिंधुबाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि त्या आत गेल्या.

पूर्वरंग रंगला. नखाएवढा तुकडा केळीच्या कंदातून कसा काढायचा, बाटलीत दिव्याच्या उजेडात कसा वाढवायचा, मातीचं तोंड न बघता त्याला पानं कशी फुटतात, हे त्यानं सोपं करून सांगितलं. शेवटी म्हणाला की बाटलीतून काढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर जळतं, आधी सावलीत ठेवून वाऱ्याची सवय लावावी लागते. बायकांनी पानांच्या कडा का करपतात ते विचारून घेतलं. सिंधुबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या.

मग व्यंकटरावांनी हात वर केला, गजर सुरू झाला, नजीरभाईंनी हार आणि डबी पुढं केली. घरच्या माणसानं हार घालायचा. सिंधुबाई पुढं झाल्या. त्यानं मान आणखी खाली केली. बुक्का लावताना त्यांचं बोट त्याच्या कपाळावर उजव्या भुवईच्या वर जरासं थांबलं. तिथं विटेचा वण होता. ती जखम भरेपर्यंत त्यांनीच तिच्यावर हळद धरली होती.

"आता आख्यान," व्यंकटराव म्हणाले. "लाजू नका साहेब. इथं समदे घरचेच हायती."

दयानंदनं गळ्यातल्या हाराची फुलं सारखी केली. मग म्हणाला की नजीरभाईंनी त्याला आधी या रिवाजाची कल्पना दिली होती, आणि तो येतानाच ठरवून आला होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण लातुरात बोलायचं तर हेच बोलायला हवं होतं.

त्यानं आत्याचं सांगितलं. आईवडिलांचे चेहरे त्याला आता नीट आठवत नाहीत, पण एक गोधडी आठवते, थंडीतलं अंगण आठवतं, आणि कानाशी नाव घेणारा आवाज. ती त्याला तेव्हापुरती आईच होती. मग तो पुण्याला गेला. एकदा तिनं लाडवांचा डबा ठेवला. राखणदारानं सांगितल्यावर तो रस्त्यापर्यंत धावला, पण एसटी निघून गेली होती. त्यानंतर तो दर दिवाळीला फाटकाशी उभा राहायचा. तिथली सगळीच मुलं भूकंपातली. त्यांच्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तिची कुणाला शंका येत नव्हती. येत नाहीत ती माणसं मेलेली असतात. मोठ्या मुलांनी त्याला जवळ घेऊन समजावलं की तुझी आत्याही गेली. त्या दिवशी तो खूप रडला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. कारण जिवंत असती आणि आली नसती, असं आपल्या आत्याबद्दल त्याला मनात आणवतच नव्हतं.

"पितृपक्षात मी चार पानं वाढतो," तो म्हणाला. "आईचं, बाबांचं, ताईचं आणि तिचं. केळीचीच पानं. म्हणून असेल कदाचित, मी या झाडाकडे वळलो."

 नजीरभाईंनी टोपी काढून मांडीवर घेतली होती. व्यंकटरावांना शेवटचा गजर उचलायचा होता, ते उपरण्यानं डोळे पुसत बसले. दुसऱ्याच कुणीतरी सुरू केला आणि मग सगळ्यांनी तो धरला. संपल्यावर कीर्तनात जसं एकमेकांच्या पाया पडतात तसे इथंही पडत. दयानंद सिंधुबाईंच्या पायांशी वाकला. त्यांनी पाय मागं घेतले. तो हसून म्हणाला, "असू द्या काकू, अंगण तुमचं, मान तुमचा."

शेषेराव तोंड फिरवून बसले होते.

जेवणं झाली, माणसं पांगली. नजीरभाई गाडीत रोपांचे ट्रे बघत होते. दयानंद हात धुवायला परसात आला आणि सवयीनं केळीपाशी थांबला. बुंध्याभोवती बरीच पिलं, नवे कोंब, फुटली होती. त्यानं विळा मागितला. सिंधुबाईंनी आणून दिला. तो खाली बसून एकेक पील जमिनीसरसं कापू लागला आणि कापता कापता त्यांना समजावू लागला. एकच पील ठेवावं, बाकीची काढावीत, नाहीतर आईचा जीव जातो. घरातल्यासारखं, विश्वासानं सांगत होता.

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. त्याच्या मनातली आत्या तशीच राहिली असती, गोधडीतली, नाव घेणारी, दर साल पान वाढून घेणारी. सिंधुबाईंना हे सगळं कळत होतं. पण जिवंतपणी त्याच्या हातचं पान खायचं, आणि तेही त्याला फसवून, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. एकदा लोकांना भिऊन तोंड लपवलं होतं, आता देवासमोर, बुक्का लावलेल्या कपाळासमोर परत तेच करायचं का?

"दया," त्या म्हणाल्या. "तुझी आत्या मेलेली न्हाई रे."

विळा थांबला.

"मी सिंधु. अमृतदादाची बहीण."

तो उठला नाही. कापलेल्या पिलाच्या बुंध्यातून पाणी झरत होतं, त्याच्याकडं बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "का नाही आलात?"

या प्रश्नाची उत्तरं त्यांनी इतकी वर्षं घोकली होती. यांची बदली झाली, फोन नव्हता, संस्थेतल्या बाईच नको म्हणाल्या, तू हसत होतास. सगळी ओठांपर्यंत आली आणि तिथूनच माघारी गेली.

"लोक म्हणायले होते, पैशासाठी पोर ठेवून घेतलंय म्हणून. मला सोसवलं न्हाई. मग एकदा चुकलं, आन् पुन्हा येयाला तोंड न्हाई राहिलं."

"कोण लोक?"

सिंधुबाई बोलायला गेल्या. नळावरची ती बाई कधीच वारली होती. दुसरी लेकाकडं औरंगाबादला निघून गेली होती. तिसरी कोण होती ते आठवतही नव्हतं.

"आता कुणीबी न्हाई त्यातलं," त्या म्हणाल्या.

दयानंदनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "मला किल्लारीला जाऊन विचारता आलं असतं," तो म्हणाला. "नव्या गावात कुणीही सांगितलं असतं. मी मुद्दाम नाही गेलो. भीती वाटायची, तू असशील म्हणून." आणि मग त्याची पुण्याची बोली सुटली, जी त्यानं इतकी वर्षं सांभाळली होती. "मेली व्हतीस तवर माजी व्हतीस गं आत्या. आता कुणाची हाईस?"

सिंधुबाईंनी त्याच्या डोक्याकडं हात नेला. त्यानं मान बाजूला घेतली नाही, पण पुढंही केली नाही. हात मधेच राहिला.

"शिव्या दे मला."

"येत न्हाईत."

नजीरभाईंनी पुढून हाक मारली. अर्धापूर गाठायचं होतं. दयानंदनं विळा धुऊन मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, गळ्यातला हार काढून विळ्याशेजारी ठेवला, आणि घरातून न जाता बोळातून बाहेर गेला. त्यानं नमस्कार केला नाही. गाडी नांदेड रस्त्याला लागल्याचा आवाज परसात ऐकू आला.

शेषेराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ते चिडलेही होते आणि रडतही होते. म्हणाले की पोर समाधानानं चाललं होतं, दोन घास खाऊन, पाया पडून. पुढल्या साली परत बोलवलं असतं, हळूहळू जवळ आलं असतं. एवढ्या वर्षांनी सांगून काय मिळवलंस? त्याची होती ती आत्याबी काढून घेतलीस.

"हाव," सिंधुबाई म्हणाल्या. "काढून घेतली."

"येईल का आता कधी तो?"

"न्हाई येणार." त्या कट्ट्यावर बसल्या. त्यानं कापलेली पिलं उचलताना हात चिकानं चिकट झाले होते, ते पदराला पुसायला लागल्या. चिकाचा डाग कापडातून जात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी पुसत राहिल्या. "पण आता न यायला त्याच्याजवळ कारण हाय. माझ्यावर रुसलाय म्हणून येणार न्हाई, रुसायला माणूस तर मिळालं त्याला. इतके दिस ते लेकरू बिनाकारणाचं एकलं होतं."

 शेषेराव येऊन बायकोच्या शेजारी बसले.

पुढं अंगणात चपलांचा आवाज झाला. टेस्ट देऊन पोरं आली होती. कुणाचा पेपर सोपा गेला होता, कुणाचा अवघड, आणि सगळ्यांना भूक लागली होती. सिंधुबाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं, आणि भात लावायला आत गेल्या. तांदूळ निवडताना त्यांच्या तोंडी देवाचं नाव येत होतं, जसं तेव्हा अंगणात यायचं, त्याला थोपटताना. आज ते पुरं होत नव्हतं. अर्ध्यावर तुटायचं, आणि त्या पुन्हा पहिल्यापासून धरायच्या.